तपकिरीचं दूध

दिनानाथ गिजरे खाडीपलीकडच्या एका डेअरीत दूध तपासत असत. सकाळी टँकर आले की झाकण उघडून आधी वास घ्यायचा, मग पळीभर दूध तोंडात घोळवून थुंकायचं आणि शेवटी उंच भांड्यात दुधातलं पाणी दाखवणारा लॅक्टोमीटर सोडून तो कुठं स्थिर होतो ते पाहायचं. बावीस वर्षांत त्यांनी नापास केलेला एकही टँकर वरच्या तपासणीत पास झाला नव्हता. हे ते स्वतःहून सांगत नसत, पण कोणी विषय काढला तर बदलतही नसत. माणसांबद्दल त्यांची मतं फार नव्हती. दुधाबद्दल होती. ते मूळचे कऱ्हाडकडचे. घरी दोन म्हशी, आणि आजारी माणसापासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांपुढं पहिल्यांदा ठेवायची वस्तू म्हणजे दूध.

एकोणऐंशी साली लालबागची खोली सोडून ते वाशीला आमच्या इमारतीत आले. सोळा घरांपैकी पाच भरलेली होती. उरलेल्यांच्या खिडक्यांना काचाही नव्हत्या, वारा आत शिरून दिवसभर दारं आपटायचा. समोर भराव घातलेली सपाट जमीन, तिच्यापुढं खारफुटी, तिच्यापुढं खाडीचा चिखल. लालबागला एका मजल्यावर वीस दारं होती. इथं मीनाताईंना, गिजऱ्यांच्या बायकोला, सकाळी सहा ते संध्याकाळी पाच बोलायला माणूस नव्हतं. मूलबाळ नव्हतं. आम्ही तळमजल्यावर होतो, पण आम्ही नवराबायको दोघंही नोकरीला जाणारे.

सहा महिन्यांत त्या गप्प झाल्या. आधी जिन्यातलं हसणं गेलं, मग वेणी गेली. सकाळी करून ठेवलेली पोळी गिजऱ्यांना संध्याकाळी तशीच झाकलेली सापडायची. त्या गॅलरीत पाटावर बसून खाडीकडं पाहत असायच्या. आणि एका संध्याकाळी गिजरे परतले तर त्या गॅलरीतही नव्हत्या. वाशीगावची सगुणा, आमच्याकडं मासळी घेऊन येणारी कोळीण, त्यांना हाताला धरून घेऊन आली. बांधाच्या पलीकडं चिखलात बसल्या होत्या. भरती चढत होती आणि साडी कमरेपर्यंत भिजली होती. सगुणानं हाका मारल्या तरी वळून पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बाईंना कशात तरी गुंतवा म्हणून सांगितलं. कशात, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

सगुणाला माहीत होतं. चार दिवसांनी ती पाटीत फडक्याखाली कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली. महिन्याभराची मादी, रंग तपकिरीचा. तिची आई हायवेवर ट्रकखाली गेली होती. सगुणानं ते थेट मीनाताईंच्या मांडीवर ठेवलं आणि हिला कोन नाय, एवढंच म्हणून निघून गेली. पिल्लानं मांडीवर मुतलं. मीनाताई उठल्या, साडी धुतली आणि दुसऱ्या दिवशी वेणी घातली. नावही त्यांनीच ठेवलं, तपकीर. पहिला पंधरवडा आम्हाला वरून हाका ऐकू यायच्या आणि गिजरे संध्याकाळी बसमधून उतरले की जवळजवळ पळत घरी यायचे.

मग तपकिरीचं पोट बिघडलं.

पहिल्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. पिल्लांचं असं होतंच. चौथ्या दिवशी मात्र पाण्यासारखं, फेसकट, आंबूस वासाचं होऊ लागलं. पोट टम्म फुगून आतून गुडगुड आवाज यायचा, आणि मागचे पाय इतके बारीक झाले की ती बसताना कलंडायची. मीनाताई गोणपाट बदलत, फिनेल टाकून फरशी पुसत, परत गोणपाट बदलत. त्यांचे हात सोलवटले होते. पण त्या बोलत होत्या, आणि गिजऱ्यांना तेवढं पुरे होतं. पिल्लू टिकलं तर मीना टिकेल, हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं, गॅसचा नंबर कधी लागणार हे सांगावं तितक्या सरळ आवाजात. पिल्लू गेलं तर काय, ते सांगायची गरज नव्हती. खाडी तिथंच होती.

म्हणून ते कामाला लागले. त्यांना एकच काम येत होतं. डेअरीत काही बिघडलं तर दोष दुधात शोधायचा, आणि तो सापडेपर्यंत थांबायचं नाही. तपकिरीला दिवसातून चार वेळा दूध आणि पाव मिळत होता. त्यांनी डेअरीतून एक जुना लॅक्टोमीटर घरी आणला. केंद्रावरचं दूध तपासलं, ते शुद्ध निघालं. तरी ते बंद करून तुर्भ्याच्या गोठ्यातलं म्हशीचं सुरू केलं. ते जड पडत असेल म्हणून निम्मं पाणी घातलं. मग गाईचं, उकळून, साय काढून. मग सुंठ घालून. मग गावात कुणाची तरी शेळी व्याली होती, तिचं. प्रत्येक दूध ते आधी स्वतः तोंडात घोळवत, लॅक्टोमीटर बुडवत, मान डोलावत आणि मगच वाटी पिल्लापुढं सरकवत. तपकीर अधाशासारखी प्यायची आणि तासाभरात सगळं बाहेर. जितकी वाळत गेली तितकं तिला जास्त दूध मिळू लागलं.

एकदा टँकरवाल्यांचा संप झाला आणि दोन दिवस केंद्रावर दूध आलं नाही, गोठ्यातलंही पहाटेच संपून जायचं. मीनाताईंनी तिला नुसता मऊ भात दिला. दुसऱ्या दिवशी तपकिरीला घट्ट झालं. गिजऱ्यांना इतका आनंद झाला की संप मिटताच ते तिच्यासाठी एक बाटली जास्तीची घेऊन आले.

यात हसण्यासारखं काही नाही. आम्हीही ते पाहिलं होतं आणि आमच्याही लक्षात आलं नाही.

मग ते तिला टॉवेलात गुंडाळून बसनं परळला, जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. रजेचा दिवस घालवून तीन तास रांगेत उभे राहिले. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि काही दिवस हलकं काहीतरी खायला घाला असं सांगितलं. जंत पडले. हलकं म्हणजे काय हे गिजऱ्यांनी विचारलं नाही. त्यांच्या घरी चार पिढ्या हलकं म्हणजे दूधच होतं.

सगुणानं एकदा दारातूनच वाटीत डोकावून पाहिलं. तिला आधी खरंच वाटेना.

"भाव, दूद पाजतं तिला? कुत्र्याचं पिलू हाय ते, वासरू नाय."

गिजऱ्यांनी तिला समजावून सांगितलं की दूध हा पूर्ण आहार आहे, त्यात सगळं असतं. सगुणानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की तिच्या दारात सात कुत्री वाढली, एकालाही दुधाचा थेंब मिळाला नाही, घरात पोरांनाच नव्हता तर कुत्र्यांना कुठला. भात आन मासलीचं पानी दे, मीठ नको घालू. गिजऱ्यांनी मान हलवली, ती न ऐकण्याची. मासळी त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. आमच्याकडं सगुणा पाटी उतरवायची तेव्हा ते वरचं दार लावून घेत. भांडण नव्हतं, त्यांना वास सहन होत नसे इतकंच. ती गेल्यावर त्यांनी वाटी पुन्हा भरली.

माघातल्या एका सकाळी जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला नाही. बावीस वर्षांत बिनअर्जाची ती त्यांची पहिली रजा. मी वर गेलो. तपकिरीला पहाटेपासून रक्त पडत होतं. ती गोणपाटावर आडवी होती आणि डोळे उघडे असूनही कुठं पाहत नव्हती. बरगड्या मोजता येत होत्या. गिजरे शेजारी मांडी घालून बसले होते, हातात शाई भरायचा ड्रॉपर, धुतलेला. एक एक थेंब दूध ते तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सोडत होते. ते बाहेर ओघळत होतं. ते पुसत होते आणि परत सोडत होते.

मीनाताई गॅलरीत पाटावर होत्या. केस सुटे. मला पाहून मान वळवली नाही. बाहेर ओहोटी लागली होती आणि त्या तिकडं पाहत होत्या.

गिजरे मला म्हणाले, ती कालपासून जेवली नाही. कोण ते त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात तपकिरीला उलटी झाली. थोडंसंच, पांढरं, फाटलेलं दूध. गिजऱ्यांनी ते पुसलं आणि ड्रॉपर पुन्हा वाटीत बुडवला. गॅलरीतून मीनाताई उठून आल्या. वाकून त्यांनी वाटी उचलली, पातेलं उचललं, मोरीपाशी गेल्या आणि दोन्ही पालथं केलं.

"तिला तुमचं दूध नकोय," त्या म्हणाल्या. "कुणी नको म्हटलेलं तुम्हाला ऐकूच येत नाही का हो?"

आवाज चढलेला नव्हता. मग त्या परत जाऊन पाटावर बसल्या.

दूध मोरीच्या जाळीवर फेसाळलं आणि गेलं. गिजरे पाहत राहिले. डेअरीत त्यांनी हजारो लिटर दूध गटारात सोडायला लावलं होतं, पण ते नापास दूध होतं. हे पास होतं. त्यांनी सकाळीच तपासलं होतं. मग उठले, सदरा चढवला आणि मला म्हणाले, सगुणाचं घर तुम्हाला माहीत आहे का.

आम्ही भरावावरून चालत गावात गेलो. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "मी सगळं तपासलं हो. एक पिणाऱ्याला सोडून." ते माझ्यापुढं चालू लागले.

सगुणा अंगणात जाळ्यातला कचरा वेचत होती. गिजऱ्यांना पाहून तिनं पदर सावरला आणि काही विचारलं नाही. पहाटे खाडीत धरलेले दोन मासे, बोयी, तिनं पानात गुंडाळून दिले आणि कसं शिजवायचं ते सांगितलं: नुसत्या पाण्यात उकड, काटं वेच, पानी आन गर मऊ भातात कालव, बोटानं चाटव, पोटभर नको देऊ. बोयीला काटं लय बारीक, एक जरी रायला तर पिलू मरंल. गिजऱ्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. पुडकं त्यांनी दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरलं होतं, पण धरलं होतं.

घरी त्यांनी स्टोव्ह पेटवला. ज्या पातेल्यात रोज दूध तापत होतं तेच घेतलं, दुसरं शोधायचं त्यांना सुचलंच नाही. उकळी फुटली आणि वास घरभर पसरला. त्यांना दोनदा मोरीवर वाकावं लागलं. मग मासा ताटात काढून ते काटे शोधू लागले. लॅक्टोमीटरवरची अर्धी रेघ ओळखणारी ती बोटं गरम मासळीत नुसती चाचपडत होती. गर चिरडला जात होता, काटे मोडून आत राहत होते. एक त्यांच्या अंगठ्यात घुसला. तपकिरीचा श्वास मध्येच थांबल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. ते तिच्याकडं पाहायचे, पुन्हा ताटाकडं, आणि मग घाईत आणखी मोडतोड करायचे.

"सरका," मीनाताई म्हणाल्या.

त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते आम्हाला कळलं नाही. त्या खाली बसल्या, ताट पुढ्यात ओढलं, बोटांच्या टोकांनी पाठीचा कणा धरून एका ओढीत सगळा सांगाडा उचलून बाजूला ठेवला. मग उरलेले बारीक काटे, एकेक, न पाहता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मीनाताई समुद्रकाठच्या रेवदंड्याच्या. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि अठरा वर्षांत त्यांनी मासळीला हात लावला नव्हता. लावू नको असं कुणी सांगितलं नव्हतं. गिजऱ्यांच्या घरात तो विषयच नव्हता. गिजरे त्यांच्या बोटांकडं पाहत होते. मला वाटतं, इतकी वर्षं आपल्या घरात कोण राहतंय हे ते पाहत होते.

भात कालवून मीनाताईंनी बोट तपकिरीच्या तोंडाशी नेलं. काही झालं नाही. त्यांनी बोट तसंच धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं नाकपुडी हलली, मग जिभेचं टोक बाहेर आलं, एकदा. मग परत आत गेलं. मग परत बाहेर.

संध्याकाळपर्यंत त्यांनी असं पाच वेळा चाटवलं. उलटी झाली नाही. त्यापलीकडं आशा करावी असं त्या जनावरात काही उरलं नव्हतं. मी खाली आलो तेव्हा गिजरे भिंतीला टेकून झोपी गेले होते, अंगठ्याला चिंधी बांधलेली.

दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं, आणि गिजरे एकटेच जाऊन गावच्या बाजारातून आणखी एक बोय घेऊन आले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते तिला उचलून खाली बांधकामाच्या वाळूवर घेऊन आले. ती थरथरत उभी राहिली, कलंडली, पुन्हा उभी राहिली आणि मग शेंगेएवढं का होईना, घट्ट केलं. गिजरे उकिडवे बसले. काडीनं ते उलटं केलं, वाकून वास घेतला, जसा टँकरचा घेत. त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते की काय ते मला कळेना, आणि मी पुढं होऊन पाहिलं नाही.

वरून गॅलरीतून मीनाताईंनी विचारलं, कसं झालं म्हणून. गिजऱ्यांनी नुसता हात वर केला.

"मग वर या लवकर, कामाला जायचंय ना," त्या म्हणाल्या. "आणि उद्या गावात मी जाईन. काल तुम्ही आणलेली बोय शिळी होती. तुम्हाला कल्ले बघता येत नाहीत."

गिजऱ्यांनी तपकिरीला उचललं, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि जिना चढू लागले.