जांभळी होडी
ऑइलपेंटचा वास आला की मला मुरुडच्या किनाऱ्यावरची ती सकाळ आठवते. मी आणि माझी मैत्रीण कोरियन पॉपवर मासिक काढणार होतो. नाव ठरलं होतं 'ब्योल', म्हणजे कोरियन भाषेत तारा. मुखपृष्ठासाठी तिच्या वडिलांची होडी फिकट जांभळी रंगवून घ्यायला आम्ही महिनाभर गयावया केली होती. त्या कोऱ्या जांभळ्यासमोर ती चंदेरी जॅकेट घालून उभी राहणार, वरची मोकळी जागा मासिकाच्या नावाला. संध्याकाळपर्यंत फोटो छापखान्यात हवा होता, दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा झाली की होडी समुद्रात जाणार होती आणि आठवड्याभरात मैत्रीण नर्सिंग शिकायला पनवेलला. पोचलो, तर नेमकं त्या मोकळ्या जागेवर हातभर अक्षरांत, लालभडक 'ब्योल', बाजूला पिवळी कमळं. "नावाबिगर होरी दर्यात जात न्हाय," तिचे वडील कौतुकानं म्हणाले, "मंग म्हटलं, तुमचाच नाव टाकू." मैत्रीण वाळूत मटकन बसली. मी फोन घेऊन डावीकडून, उजवीकडून, वाळूत आडवी पडूनही बघितलं. ते लाल काही टळेना. "ओलं आहे अजून, पुसूया?" ती रडत कुजबुजली. मी पेंटरनं तिथेच टाकलेला रॉकेलचा बोळा उचललासुद्धा. तेवढ्यात, कधी शाळेची पायरी न चढलेले तिचे वडील जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पेंटरनं बरोबर लिवलाय ना गो?" मी बोळा पाठीमागे लपवला. "बरोबर आहे, काका." मासिक कधीच निघालं नाही. होडीला मात्र अजून दरवर्षी नवा रंग लागतो, जांभळाच, आणि नाव लाल.