निम्मा खर्च तुमचा

आमच्या शेजाऱ्यांची शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतायची फाउंड्री होती. भट्टीपुढं बोलायची सवय असल्यामुळं ते घरातही ओरडूनच बोलत, आणि वाक्य संपायच्या आत स्वतःच हसत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांचा माल घेणारा एक जर्मन पाहुणा आला. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, म्हणून दुभाषी म्हणून त्यांनी मला ओढत नेलं.

पाहुणा म्हणाला, जग तापतंय. कोळशाची भट्टी काढून विजेची बसवा, नाहीतर पुढची ऑर्डर देणं अवघड आहे.

"तापतंय की!" शेजारी मांडीवर थाप मारून म्हणाले. "पण पावणं, तुमच्यात घरटी दोन गाड्या, आमच्यात गल्लीत एक. तापवलं कुणी? भट्टी बसवतो, निम्मा खर्च तुमचा. सर, हाय तसंच सांगा त्याला!"

मी चाचरत सांगितलं. पाहुण्याचा चेहरा लाल झाला. मग तो हसला आणि कंपनीला विचारून कळवतो म्हणाला. शेजाऱ्यांनी त्याला घरी नेऊन आग्रहानं तांबडा रस्सा वाढला.

पुढं काही महिन्यांनी पाहतो, तर फाउंड्रीच्या दारात विजेची भट्टी उतरत होती.

"कंपनीनं होकार कळवला वाटतं?" मी विचारलं.

"कुठला!" ते गडगडून हसले. "त्यांच्यासंगं भांडण चालूच हाय की. पण तवर धूर आमच्याच पोरांनी गिळायचा व्हय?"