नावाड्याची दाढ

तो कवळ्या बनवायचा. दंतवैद्यांकडून तोंडाचे ठसे यायचे आणि हा तळमजल्यावरच्या खोलीत मेण वितळवून, एकेक दात रांगेत बसवून, कधी न पाहिलेल्या माणसांचं हसू तयार करून द्यायचा. मित्र त्याला बत्तीशी म्हणायचे.

पण त्याचा खरा जीव रविवार दुपारच्या खेळात. खेळ तोंडी. बत्तीशी एक काल्पनिक राज्य सांगायचा, बाकीचे तिघे त्यातली माणसं व्हायचे आणि एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. ड्रायव्हिंग स्कूलचे सर योद्धा होते, वाचनालयातल्या बाई चोर होत्या आणि बत्तीशीचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, वैद्य.

लढाई सांगावी तर बत्तीशीनंच. तलवार कुठून आली, ढाल कशी फुटली, सगळं हात हलवून सांगायचा. एकदा त्याच्या हाताने सरांचा चहा सरांच्याच मांडीवर गेला होता. पण कुणाशी चार शब्द बोलायचे झाले किंवा साधं कुलूप उघडायचं झालं, की गडी गार.

"टाका फासा. चौदा? जमलं. पुढे चला."

आणि सात पडले तर "नाही जमलं." मग सगळे एकमेकांची तोंडं बघत बसायचे. नाही जमलं तर पुढे काय, हे बत्तीशीलाच ठाऊक नसायचं. शेवटी घसा खाकरून तोच म्हणायचा, "बरं, परत टाका." एका बंद दारापुढे त्यांनी असा अकरा वेळा फासा टाकला होता.

एका रविवारी दादाचा आवाज बसला आणि त्याच्या जागी वहिनी आल्या. वहिनी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायच्या. रोज सकाळपासून तावातावाने येणारी माणसं पाहून त्यांना कशाचंच नवल उरलं नव्हतं.

त्या दिवशी मंडळींना नदी ओलांडायची होती आणि नावाडी नाही म्हणत होता.

"टाका फासा," बत्तीशी म्हणाला.

"कशाला?" वहिनींनी विचारलं. "भावोजी, तो नाही का म्हणतोय?"

"नाही म्हणजे... नाहीच म्हणतोय."

"असं उगाच कुणी नाही म्हणत. काहीतरी दुखत असतं माणसाचं."

बत्तीशीने फासा उचलला आणि परत ठेवला. सरांनी खिडकीबाहेर बघितलं. बाईंनी हसू दाबायला चष्मा पुसायला घेतला. आणि घाईघाईत, जे रोज हाताखाली असतं तेच त्याच्या तोंडून निघालं.

"दाढ! त्याची दाढ दुखतेय."

सगळे हसले. बत्तीशी मात्र सुटला. त्याने गालावर हात धरला, मान वाकडी केली आणि तोंड अर्धंच उघडून बोलू लागला. तीन दिवस झोप नाही, थंड पाणी लागलं की डोक्यात कळ जाते, वल्हं मारायला दात आवळले की जीव जातो, हे नावाडी असा काही विव्हळत सांगत होता की सरांचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला.

वहिनींनी नावाड्याला आधी खाली बसवलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग सरांनी त्याचं डोकं धरायचं आणि बाईंनी कुलुपं उघडायच्या चिमट्याने दाढ काढायची, असं ठरलं.

"आता टाका फासा," बत्तीशी म्हणाला.

तीन पडले.

बत्तीशीच्या ओठांवर "नाही जमलं" आलं होतं. पण वहिनी त्याच्याकडे बघत होत्या, खिडकीवरून बघतात तशाच.

"मग काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दाढ... अर्धी तुटली," तो सावकाश म्हणाला. "नावाडी बोंबलतोय. दात काढणारा पलीकडच्या गावात आहे. आता त्यालाच पलीकडे जायची घाई झालीय. पण वल्हं त्याच्याच्यानं मारवत नाही. तुम्हाला मारावं लागेल."

"मी मारतो!" सर ओरडले. माणसांना गाडी शिकवण्यात उभी हयात गेलेल्या सरांना शेवटी नावाड्याकडून शिकावं लागलं. नावाडी कण्हत "डावीकडे, अहो डावीकडे" करायचा आणि नाव स्वतःभोवती गोल फिरायची. दुपारभर कुणी तलवार उपसली नाही, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बत्तीशी थोडा फुरंगटला. "पलीकडे मी मोठी लढाई ठेवली होती," तो आवरताना पुटपुटला.

"असू दे हो," बाई म्हणाल्या. "आधी त्या बिचाऱ्याचा दात."

सोमवारी वहिनी खिडकीवर असताना त्यांचा फोन वाजला.

"वहिनी, कामात आहात का? एक विचारायचं होतं. तुमच्याकडे जी माणसं भांडायला येतात ना, ती नेमकी काय काय म्हणतात?"

"भावोजी, जेवणाच्या सुट्टीत सांगते," वहिनी म्हणाल्या. "पण वही घेऊन बसा."

जेवणाच्या सुट्टीत त्या पस्तीस मिनिटं बोलल्या. बत्तीशी लिहीत राहिला आणि गॅसवरचं मेण करपलं.