गाडीत गारठलेली कॉइल

टेबलावर जळलेल्या कॉइल्स पसरल्या होत्या आणि ग्रेग लॅबचं दार उघडं धरून उभा होता. करपलेल्या कापसाचा वास खोलीभर झाला होता.

"अश्विनी, अजून एक बॉक्स आलाय," तो म्हणाला. "आणि डेना लाइनवर आहे. चिडलीय."

ग्रेग माझा बॉस. डेना आमच्या क्लायंट कंपनीची प्रोजेक्ट मॅनेजर. आमची टेस्टिंग लॅब शॉमबर्गमध्ये, शिकागोपासून जवळच. टोस्टर, हीटर, केस वाळवायचं मशीन, ज्या वस्तूत तार तापते ती वस्तू कधी ना कधी आमच्याकडे येते. तार वेळेआधी का जळली हे शोधणं माझं काम. नागपूरला मेटलर्जी शिकले तेव्हा व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, नावाची गोष्टच नव्हती. आता माझ्या टेबलावर तीच होती.

डेनाची कंपनी हे व्हेप बनवत होती ते सिगारेट सुटत नाही अशा मोठ्या माणसांसाठी. अजून बाजारात आलं नव्हतं. सरकारी परवानगीचा अर्ज करण्याआधी काही सिगारेट ओढणाऱ्यांना ट्रायलसाठी दिलं होतं. त्यांच्याकडून पॉड जळून परत येत होते. दोन आठवडे टिकायचा तो पॉड दोन-तीन दिवसांत.

पॉड म्हणजे छोटीशी कुपी. तिच्यात निकोटिन मिसळलेलं लिक्विड असतं. कुपीच्या तळाशी कापूस, आणि कापसात बसवलेली बारीक तार, तीच कॉइल. माणूस झुरका घेतो, तार तापते, कापसातलं लिक्विड वाफ होऊन बाहेर येतं. समईतलं तेल संपलं की वात स्वतःच जळायला लागते ना, तसंच इथे. कापसात लिक्विड असेपर्यंत तार शांत असते. कापूस कोरडा पडला की तोच करपतो. मग घशात आगीसारखा धूर जातो, आणि त्या धुरात नको ती रसायनं असतात. म्हणजे प्रश्न नुसता चवीचा नव्हता.

मी फोन घेतला.

"तुमच्या लॅबनेच कॉइल पास केली होती," डेना म्हणाली.

"हो. इथे ती अजूनही पास होतेय."

ते खरंच होतं. आमच्याकडे झुरके घेणारं मशीन आहे. ते ठरावीक वेळाने, ठरावीक जोराने ओढतं. मी परत आलेल्या बॅचमधलेच नवे पॉड त्याला लावले होते. एकही जळला नव्हता. तार मायक्रोस्कोपखाली पाहिली, वेल्डिंग पाहिलं, कापूस तपासला. सगळं ठीक.

"मग लोक चुकीचं वापरतायत," डेना म्हणाली. "यूजर एरर लिही आणि मोकळी हो."

तसं लिहिता आलं असतं. पण बॉक्सवरची लेबलं पाहताना मला दिसलं की बहुतेक पॉड आमच्या इलिनॉयमधून आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमधून आले होते. ट्रायल वाळवंटी ॲरिझोनातही चालू होती, पण तिथून जवळजवळ एकही नाही. मी ग्रेगला म्हटलं, मला एखाद्या वापरणाऱ्या व्यक्तीला भेटायचंय.

"आपण वस्तू टेस्ट करतो, माणसं नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण डेनाने परवानगी दिली तर जा."

डेनाने ट्रायलमधल्या एका बाईंना विचारून मला त्यांचा नंबर दिला. लोरेटा. साठीच्या पुढची, शाळेची पिवळी बस चालवणारी. ती म्हणाली, सकाळची फेरी संपली की ये, बसच्या यार्डाबाहेर रस्त्यावर माझी गाडी उभी असते.

जानेवारीचा शेवट होता. रस्त्याकडेला बर्फाचे काळपट ढीग. लोरेटा टोपीचा जाड पार्का कोट घालून आली, मला गाडीत बसायला सांगितलं आणि हीटर लावायच्या आधी कप होल्डरमधून व्हेप काढलं.

"हे रात्रभर इथेच असतं?" मी विचारलं.

"इथेच. बसमध्ये नेता येत नाही, यार्डात नेता येत नाही. घरी माझी नात राहते, तिच्या हाताला लागायला नको." तिने एकामागून एक भराभर चार झुरके घेतले. "मला ब्रेक किती असतो माहीत आहे? दहा मिनिटं. त्यातली निम्मी चालण्यात जातात."

पाचव्या झुरक्याला ती खोकली आणि व्हेप माझ्यापुढे धरलं. "घे. वास घे. हेच होतं रोज."

करपलेला कापूस. तोच वास.

"मग काय करता तुम्ही?"

"काय करणार, हनी? समोर गॅस स्टेशन आहे. एक पॅकेट घेते. मग ते पॅकेट संपेपर्यंत सिगारेटच." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "मला सोडायचीय. माझा नवरा याच्यातच गेला. पण हे असं जळलं की मला वाटतं, यापेक्षा ती बरी."

मी म्हटलं, अजून एकदा ओढाल का, गाडीतलाच नवा पॉड लावून? या वेळी मी फक्त पॉडच्या छोट्या पारदर्शक खिडकीकडे पाहत होते. लॅबमध्ये प्रत्येक झुरक्यानंतर लिक्विडमधून एक बुडबुडा वर जातो. कापसाने लिक्विड पिऊन घेतलं, त्याच्या जागी हवा आली, एवढाच त्याचा अर्थ. इथे लोरेटाने ओढलं आणि मी वाट पाहत राहिले. बुडबुडा आलाच नाही. मी पॉड हातात घेऊन तिरका केला. आतलं लिक्विड मधासारखं हळूहळू सरकलं.

थंडीत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी तेल पडत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. मी मात्र हे लिक्विड बावीस डिग्रीच्या खोलीत तपासत बसले होते.

लॅबमध्ये परतल्यावर मशीन थंड चेंबरमध्ये नेऊन ठेवलं. हे चेंबर म्हणजे मोठा फ्रीझर, हवं ते तापमान लावता येतं. आतलं तापमान शून्याच्या बरंच खाली नेलं आणि मशीनला लोरेटासारखं भराभर ओढायला लावलं. दुपारपर्यंत प्रत्येक पॉड करपला होता. ग्रेग काचेतून बघत होता.

"प्रोटोकॉलमध्ये रूम टेंपरेचर लिहिलंय," तो म्हणाला.

"म्हणूनच सापडलं नाही."

त्या संध्याकाळी जेवताना मी हे घरी सांगितलं. सई, माझी मुलगी, हायस्कूलमध्ये आहे. तिच्या शाळेच्या बाथरूममध्ये व्हेप पकडणारे सेन्सर लावलेत. तिने काटा खाली ठेवला.

"वेट, आई. यू आर हेल्पिंग देम?"

"अगं, जळलेला कापूस छातीत जातो. तो जास्त वाईट."

"सो डोन्ट फिक्स इट. दे'ल जस्ट क्विट."

"ती बाई नाही सोडत, सई. ती जाऊन सिगारेट घेते."

"मेबी," सई म्हणाली आणि उठून गेली.

तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. जी वस्तू मी माझ्या घरात येऊ देणार नाही, ती नीट चालावी म्हणून मी दिवसभर राबत होते. नवऱ्याने भांडी आवरली, मी तशीच बसून राहिले. शेवटी एवढंच मनाशी ठरवलं, की वस्तू कोणाच्या हातात जाते हे माझ्या हातात नाही, पण जिच्या हातात आहे तिच्या फुफ्फुसात करपलेला कापूस जाऊ नये, एवढं तरी आहे.

पुढच्या मीटिंगमध्ये डेना स्वतः आली. तिने पहिल्यांदा म्हटलं, सूचनापत्रात लिहू या, गाडीत ठेवू नका.

"मग लोरेटा कुठे ठेवेल?" मी विचारलं.

लिक्विड पातळ करू का, असं डेनाच्या इंजिनिअरने विचारलं. पण लिक्विड बदललं की त्याच्या विषारीपणाच्या चाचण्या पहिल्यापासून. कापसाकडे जाणारी भोकं मोठी करावीत तर हाच पॉड जुलैच्या उन्हाळ्यात गाडीत गळणार. पॉवर कमी करावी तर वाफच धड येत नाही. एकेक वाट बंद होत गेली.

राहिली होती तार. आमची कॉइल स्टेनलेस स्टीलची होती. स्टील तापलं की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, वाढतो. गार असेल तर कमी होतो. म्हणजे कॉइलला स्वतःचं तापमान सांगता येतं, फक्त कोणी विचारत नव्हतं. मी सुचवलं, झुरक्याआधी सॉफ्टवेअरने ते विचारावं. कॉइल गार असेल तर अगदी कमी पॉवरवर तिला थोडं शेकावं, भोवतीचं लिक्विड सैल होईपर्यंत. तोवर व्हेपवरचा दिवा लुकलुकेल, वाफ मिळणार नाही. दोन झुरक्यांमध्येही थोडं थांबावं लागेल, कापूस भिजायला. आणि मध्येच तार एकदम तापायला लागली, तर कापूस कोरडा पडला असं समजून करंट तोडावा.

"थांबावं लागेल?" डेना म्हणाली. "तलफ आलेला माणूस थांबत नाही. तो सिगारेट पेटवतो. तुम्ही कॉइल वाचवाल आणि माझी माणसं घालवाल."

तिचा मुद्दा खरा होता. लोरेटाचं पॅकेट आठवून मी डेनाला एवढंच म्हटलं, "जळलं तरी ती माणसं सिगारेटच पेटवतात."

बराच वेळ वाद झाला. शेवटी ग्रेग म्हणाला, थोड्या लोकांना देऊन बघू. चेंबरमध्ये नवं सॉफ्टवेअर चाललं. सगळे पॉड वाचले असं नाही, पण बहुतेक वाचले. मग ते ट्रायलमधल्या काही जणांकडे गेलं. थंडी अजून होती.

लोरेटाचा फोन आठवड्याने आला. मला वाटलं, थँक यू म्हणायला.

"तो दिवा कोणी लावला?" ती म्हणाली. "तू? मी ओढते, काही येत नाही! परत ओढते, परत काही नाही! काल मी ते डॅशबोर्डवर आपटलं."

"जळलं का पण?"

"नाही. जळलं नाही." आणि तिने फोन ठेवला.

मी तक्रार जशीच्या तशी डेनाला कळवली. तिने लिहिलं, 'मी म्हटलं होतं.' तरीही ट्रायल चालू राहिली, कारण नवं सॉफ्टवेअर मिळालेल्यांकडून जळलेले पॉड येणं खरोखरच थांबत आलं होतं. मार्चमध्ये कंपनीने आमचा बदल कायम केला. दिवा मात्र जरा लवकर थांबेल असं केलं. ते मलाही पटलं.

एप्रिलमध्ये शेवटच्या प्रश्नांसाठी मी लोरेटाला फोन केला. आता किती पॉड लागतात, असा प्रश्न होता.

"कमी," ती म्हणाली. "निम्मेच म्हण."

"टिकतात म्हणून?"

"टिकतात, ते आहेच. पण सकाळी अजून गारठा असतो, ब्रेकला दिवा लुकलुकत असतो, मी घड्याळाकडे बघते, परत चालत जायचं असतं. कधीकधी वाटतं, जाऊ दे, दुपारी बघू. आणि कप होल्डरमध्ये टाकून निघते." मग घाईने म्हणाली, "सोडलं असं लिहू नकोस. मी सोडलेलं नाही."

"नाही लिहीत. आणि पॅकेट?"

"ख्रिसमसनंतर बरीच घेतली. आता पूर्वीइतकी नाही. ते मात्र लिही."

मी लिहिलं. डेनाने ते वाचून विचारलं, वापर कमी झाला हे यश म्हणायचं की अपयश? त्यावर मत देणं माझ्या कामात बसत नव्हतं.

रिपोर्टच्या शेवटी मी शिफारस केली की यापुढे अशी उपकरणं गोठणाऱ्या थंडीतही तपासावीत, आणि मशीनने घाईतल्या माणसासारखंही ओढून पाहावं. ग्रेगने ती आमच्या प्रोटोकॉलमध्ये घातली. एक गोष्ट मात्र लिहिली नाही, कारण त्यासाठी रिपोर्टमध्ये रकाना नाही: कॉइल टिकवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ती कोणी ओढायचीच नाही, आणि असला उपाय सुचवायला लॅबला कोणी काम देत नाही.