कैरीची परात

हे म्या आजपावतर कोनाले सांगतलं नाई. बायकोलेही नाई — अन् तिच्यापासून तं चिलमही लपवली नाई कदी. तुमाले काहून सांगून राह्यलो? काय मालूम. बसा, आयका.

मंगरूळले देशमुखाचा बगीचा होता. उन्हाळ्यात ऊन कललं का तिथं आमचा बँड वाजे. पानी शिंपडलेली जमीन, सतरंज्या, समोर गावोगावचे पाटील. लग्नाचा बँड ते तिथंच ठरवत. तिथं जो क्लारनेट वाजवे, तोच वरातीत पुढं चाले.

पुढं आमचे उस्ताद. मले क्लारनेट त्यायनंच शिकवलं, पोटच्या पोरावानी. अन् मी? बारा वर्सं मांगं उभा. मनात म्हनो — हा बुढा हटते तरी कदी?

त्यायची एक कमजोरी होती. ते त्यायनं फक्त मले सांगतली होती. समोर कोनी कैरी खाल्ली का त्यायच्या तोंडाले पानी सुटे, अन् मंग फुंकच बसत नसे. भरवसा होता माह्यावर — म्हनूनच सांगतलं ना?

त्या सांजी म्या माळ्याच्या बायकोले म्हटलं, मालकानं सांगतलं, पाहुन्यायले कैरीच्या फोडी दे, तिखट-मीठ लावून. खोटं. साफ खोटं! बिचारीनं परात भरून फिरवली.

उस्ताद उभे राह्यले. समोरची सारी रांग कैरी चोखून राह्यली. क्लारनेटातून पयले फुसफुस निघाली, मंग नुसती लाळ. पाटील लोक हासले. कोनी तरी ओरडलं, "दम सरला वाटते उस्तादजीचा!"

उस्तादनं परातीकडं पाह्यलं. मंग माह्याकडं. बस, येवढंच.

"खरं हाय मालक," ते देशमुखाले म्हनाले, "दम नाई राह्यला. आता याले पुढं घ्या."

रुमालानं पुसून क्लारनेट माह्या हाती देलं. हळूच बोलले, "बेटा, समोर कैरी असली तं डोये मिटून वाजवत जाय."

वरातीत ते पुन्हा चालले नाई. किन्हीराजा गावाले लेकीच्या दारी राह्यले, तिथंच गेले. मी एकदाही भेटाले गेलो नाई. कोन्या तोंडानं जानार होतो? मले माही शरम वाटते, आजही.

वाजवलं मातर डोये मिटूनच — जलमभर. लोक म्हनत, काय रंगून वाजवते हा मानूस! अन् मी हात जोडून ते आयकून घेत राह्यलो.