आज हललं नाही

आठवा महिना चालू होता आणि सकाळपासून बाळ हललं नव्हतं. एरवी चहा पोटात गेला की लाथा सुरू. त्या दिवशी चहा झाला, पोहे झाले, काही नाही. नागपूरला आईला फोन लावला. "काही नाही होत वं, गोड खा अन् डाव्या कुशीवर पड," ती म्हणाली. ऑफिसात कुशीवर कुठे पडणार, कपाळ!

मी इथे हिंदी मुलखात, झालाना नावाच्या भागात, एका ऑनलाइन शिकवणीसाठी हिंदीतून फिजिक्सचे धडे रेकॉर्ड करते. त्या दिवशी धडा लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा होता. आपल्या आकाशगंगेतले बहुतेक तारे एका तबकडीत, एकाच दिशेने फिरतात. या दीर्घिकांत तसा शिस्तीचा कारभार नाही. ज्याची त्याची वाट वेगळी, कल वेगळा. कुणी केंद्राला खेटून जातो, कुणी लांबूनच. पण इतक्या दुरून एकही तारा सुटा दिसत नाही, मग हालचाल कुठली दिसणार? ती कळते त्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून. काही तारे आपल्याकडे येत असतात, काही लांब जात असतात, म्हणून वर्णपटातल्या काळ्या रेषा दोन्हीकडे पसरतात. रेष जितकी रुंद, तितकी आत धावपळ जास्त.

"दिखता नहीं, मतलब हिलता नहीं, ऐसा नहीं है," कॅमेऱ्याकडे बघून मी म्हटलं आणि पुढचं वाक्य सोडून पोटावर हात ठेवला. कॅमेरावाले भैया म्हणाले, "मॅडमजी, एक टेक और?" टेक गेला खड्ड्यात! मी माईक काढला, नवऱ्याला फोन केला आणि ऑटोत बसले.

दर स्पीडब्रेकरला ऑटोवाला "सॉरी दीदी" म्हणत होता. मला वाटत होतं, आदळ बाबा, चांगली जोरात आदळ, निदान त्याने तरी बाळ जागं होईल. पोटावरचा हात मी काढलाच नाही.

नवरा दवाखान्याच्या दारातच उभा होता. आत नर्सने पोटाला जेल लावून ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. इकडे खरखर, तिकडे खरखर. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याची पाठ बघून मला आणखीच धडकी भरली. मग डावीकडे, अगदी खाली, भराभर ठोके ऐकू आले.

"सो रहा था जी," नर्स म्हणाली.

"काय रे, जीवच काढला न माझा!" मी पोटावर खेकसले आणि हमसून हमसून रडले. इतके महिने पोटाशी बोलायची मला लाज वाटायची. बाळाशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.