रोजचे तीन किलोमीटर

साखळीकाकांचा फोन आला की मी आधी दहापर्यंत आकडे मोजायची आणि मगच उचलायची. माझं डोकं तापट आहे हे मला माहीत आहे, आणि माझ्या गिऱ्हाइकांना तर चांगलंच माहीत आहे. लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून जो शांत राहू शकतो त्याला माझा दंडवत.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी, रस्ते आणि भांडणातली कुंपणं मोजली. सुरुवातीला लोखंडी साखळी टाकून मोजायचे, त्यामुळे नाव पडलं साखळी. ते त्यांनी आनंदानं घेतलं. काकूंना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मुलगी लांब, दुसऱ्या शहरात. ती रविवारी फोन करायची. बाकीचे सहा दिवस काका, भिंतीवरचं घड्याळ आणि कॉम्प्युटर.

"ताई, बाण परत पळायला लागलाय," ते फोनवर म्हणाले.

बाण म्हणजे पडद्यावरचा माऊसचा बाण. तो आपोआप इकडून तिकडे उड्या मारायचा, खिडक्या उघडायचा, बंद करायचा, एकदा तर त्यानं मुलीला अर्धवट पत्रही पाठवून दिलं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, व्हायरस आहे. दुकानदारानं सांगितलं, माऊस गेलाय. काकांनी नवा घेतला, मग आणखी एक. आता टेबलावर तीन माऊस ओळीनं बसलेले, घरात माणूस एक. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कॉम्प्युटर चालू केला, मागे सुटलेली एक वायर खोचली, अर्धा तास बघत बसले, आणि बाण अगदी शहाण्या मुलासारखा जागेवर. मी म्हटलं, "काका, काही झालेलं नाही. उगाच बोलावता." ते ओशाळले. मी जिना उतरून गल्लीच्या टोकाला पोचते न पोचते तोच फोन, की बाण पळाला. एकटं वाटतं म्हणून ते मला बोलावतात अशी मला शंका आली, आणि त्याचा मला राग आला. आज त्या रागाची लाज वाटते.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा चपला काढताना दाराशी बायकांचे चालायचे बूट दिसले, निळे, नवेकोरे. काका लगेच म्हणाले, "हिचे. सात महिने रोज तीन किलोमीटर चालली यात. तळवे बघा, झिजलेत का? वस्तू घ्यावी तर अशी."

मी बूट उलटा करून पाहिला. खरंच झिजला नव्हता. मी मान हलवली आणि आत गेले.

मग त्यांनी खरं काम सांगितलं, जे आधी संकोचानं सांगितलं नव्हतं. काकूंचं हृदय अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. काका तेव्हाही खाजगी मोजणीची कामं करायचे, सकाळी गेले की संध्याकाळी घरी. म्हणून त्यांनी काकूंना एक जीपीएस रिसीव्हर आणून दिला. काड्यापेटीएवढा डबा, उपग्रहांकडून खुणा घेऊन आपण पृथ्वीवर कुठं आहोत ते दर सेकंदाला टिपणारा. वर छोट्या पट्टीवर दिवसभरात किती अंतर झालं तेही दिसतं. संध्याकाळी काका आले की काकू आकडा दाखवायच्या आणि काका वहीत लिहायचे. वही त्यांनी मला दाखवली. २.९. ३.१. ३.०. समोर बारीक अक्षरात "शाब्बास".

"सगळ्या वाटा या डब्यात आहेत," ते म्हणाले. "पण बॅटरी मेलीय. तासभर चार्जिंगवरून काढला तर आतलं सगळं पुसलं जाईल असं दुकानदार म्हणतो. त्याआधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचंय. मग मी रोज तिच्या वाटेनं चालणार. ती जिथून जायची तिथून. दुसरं करायला आहे तरी काय?"

हे ऐकल्यावर मी हाताची घडी घातली आणि खुर्चीवर बसले. "मी कशाला हात लावत नाही. तुम्ही रोज करता तसं करा."

काकांनी डबा फडक्यानं पुसला. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, थोडा सरळ केला. त्याची वायर कॉम्प्युटरच्या मागे खोचली. वही उघडून तारीख घातली. आणि मग कॉम्प्युटरचं बटण दाबलं. दोन मिनिटांत बाण पिसाळला.

"नेहमी असंच करता? आधी डबा जोडून?"

"म्हणजे काय? आधी यंत्र मांडायचं, मग बाकीचं. चाळीस वर्षांची सवय आहे."

"जित्याची खोड..." मी म्हण सुरू केली आणि जीभ चावली. त्या घरात ती पुरी करण्यासारखी नव्हती.

गोम तिथंच होती. कॉम्प्युटर उठता उठता प्रत्येक भोकात डोकावून विचारतो, इथं कोण आहे? आणि हा डबा कुणी विचारो न विचारो, दर सेकंदाला आपला ठावठिकाणा बडबडत असतो. कॉम्प्युटरला वाटलं, माऊसच बोलतोय. मग डब्याची एकेक ओळ ऐकून तो बाण हलवत बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, तीही तीन संन्याशांना. पहिल्या खेपेला मी आधी कॉम्प्युटर चालू करून मग वायर लावली होती, म्हणून माझ्यासमोर सगळं सुरळीत.

यंत्रांच्या यादीत गेले. माऊसच्या रकान्यात खऱ्याच्या खाली एक तोतया माऊस बसला होता. त्याला बंद केलं. बाण जागेवर आला. काकांनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. पण वाटा काही उतरेनात. त्या उतरवून घेणारा प्रोग्राम एक नंबरच्या पोर्टला, म्हणजे जोडणीच्या भोकाला, कान लावून बसलेला आणि डबा चार नंबरवर बोलत होता. नंबर बदलला. आता अक्षरं आली, पण निव्वळ गिचमीड. डबा सावकाश बोलत होता आणि प्रोग्राम भरभर ऐकत होता. वेगही जुळवला. तेव्हा कुठं पडद्यावर तारखांची यादी सरसर उतरायला लागली. दोनशे चौदा दिवस. मी आधी त्यांच्या दोन प्रती केल्या आणि मगच श्वास सोडला.

"लावा," काका म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची जवळ ओढली. वहीच्या नव्या पानावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, 'उद्यापासून चालणे'.

मी पहिला दिवस नकाशावर लावला. वाट नव्हतीच. त्यांच्याच इमारतीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याचा गुंता पडल्यासारखा एक ठिपका. मला वाटलं, उतरवताना काही चुकलं. मी दुसरा दिवस लावला. तोच गुंता. चिडून म्हटलं, "काका, फाइल बिघडलेली दिसते. थांबा, परत उतरवते."

"बिघडलेली नाही," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. "पुढचा दाखवा."

मी दाखवत गेले. दहा, वीस, पन्नास. सगळे गुंते त्याच कोपऱ्यावर, रस्त्याच्या बाजूला, म्हणजे आम्ही बसलो होतो त्याच खोलीत. एकच दिवस वेगळा निघाला. त्या दिवशी इमारतीतून एक स्वच्छ रेघ निघून चार रस्ते ओलांडून बाजारापर्यंत गेली होती आणि परत आली होती.

"हा रविवार," काका म्हणाले. "आम्ही दोघं बूट घ्यायला गेलो होतो."

मग त्यांनीच मला समजावलं, नव्या हाताला काम शिकवावं तसं. यंत्र एका जागी ठेवलं तरी ते गप्प बसत नाही. खिडकीत ठेवलं तर भिंतींवर आपटून येणाऱ्या खुणांनी ते भांबावतं, आपण चार पावलं इकडे गेलो, सहा पावलं तिकडे गेलो असं समजतं. त्या खोट्या पावलांची बेरीज करत जातं. दिवसभरात तीन किलोमीटर सहज. "मोजणीदाराला हे पहिल्या वर्षी शिकवतात," ते म्हणाले.

"काकूंनी मुद्दाम..." मी विचारलं.

"छे. तिला कुठलं कळायला? ठेवलं असेल कट्ट्यावर, आकडा आपोआप चढला असेल. संध्याकाळी मी आल्या आल्या खूश झालो. मग तिला सांगवलं नसेल." त्यांनी वही मिटली. "तिला एकटीनं बाहेर जायला आवडायचं नाही. सुरुवातीला म्हणाली होती, तुम्ही येत असाल तर जाते. मी म्हटलं, अगं, यंत्र आहे ना बरोबर."

मला काकांचा राग आला आणि त्यांची कीवही आली, आणि काकूंसाठी तर फारच वाईट वाटलं. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

काका उठले. खिडकीखाली वाकून फरशी पाहिली. तिथं खुर्चीच्या पायांनी पडलेले चार डाग होते, घासून घासून पांढरे झालेले. त्यांनी आपली खुर्ची उचलून नेली आणि चारही पाय त्या चार डागांवर ठेवले. मोजमाप बरोबर बसलं का ते पाहिलं. मग बसले. तिथून खाली गल्ली दिसत होती आणि गल्लीचं ते वळण, जिथून माणूस घरी येताना पहिल्यांदा दिसतो.

मी माझी पिशवी आवरली नाही. दुसरी खुर्ची आणून बाजूला टेकले. काका वळणाकडे बघत म्हणाले, "रोज घरात पाऊल टाकलं की विचारायचो, आज किती झालं? सात महिने विचारलं. आज कुठं गेली होतीस, हे एकदाही विचारलं नाही."